बारा मिनिटं पुढे

आमच्या बाबांना गावात कोणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. सगळे त्यांना ‘बारा’ म्हणत. ‘बारा आले का?’, ‘बारांना विचारून ये’, ‘ती बघ, बारांची मुलगी’. नवख्या माणसाला वाटायचं, या गृहस्थांना बारा पोरं असणार. होते मी एकटीच, आणि एकटीने बाराजणांइतका ताप दिला असं आत्या म्हणायची.

बाबा रेल्वे स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत बसायचे. छत्तीस वर्षं बसले. कुठली गाडी किती वाजता, कुठे बदलायची, गुरांच्या डब्यासाठी अर्ज कोणाकडे द्यायचा, कोंबड्यांची खुराडी पार्सलात घेतात का, बायकांच्या वेटिंग रूमची किल्ली आज कोणाकडे आहे, हे सगळं त्यांना तोंडपाठ. वेळापत्रकाचं पुस्तक समोर असायचं, पण ते उघडलेलं कोणी पाहिलं नाही. त्यावर ते चहाचा कप ठेवत. या नोकरीला चिकटून आणखी एक काम त्यांच्याकडे आलं होतं, जे कुठल्याही कागदावर नव्हतं. दर सोमवारी स्टेशनच्या दोन्ही घड्याळांना किल्ली द्यायची. एक घड्याळ फलाटाच्या बाजूला, दुसरं बाहेर, बाजाराकडे तोंड करून. फलाटावरचं बरोबर लावायचं. बाहेरचं बारा मिनिटं पुढे.

का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बाबांचं म्हणणं असं, की रेल्वे मुळात गावातूनच जाणार होती. पण धान्याचे व्यापारी घाबरले. इंजिनाच्या धुराने माल काळा पडेल म्हणून त्यांनी अर्ज केला आणि रूळ अर्धा मैल बाहेरून गेले. दोन वर्षांत तेच व्यापारी पोत्यांनी भरलेल्या गाड्या हाकत स्टेशनकडे धावू लागले आणि रोज कोणा ना कोणाची गाडी चुकू लागली. तेव्हा स्टेशनवर जे दुसरे मास्तर आले, त्यांनी एका हमालाच्या डोक्यावर पोतं दिलं आणि त्याला धान्यबाजारातून फलाटापर्यंत चालवलं. बारा मिनिटं लागली. मास्तरांनी तेवढे काटे पुढे सरकवले.

आत्याला ही गोष्ट अजिबात मान्य नव्हती. ती बाबांची थोरली बहीण. माझी आई गेल्यावर घर सांभाळायला आली आणि मग राहिलीच. ती म्हणायची, मास्तरांच्या बायकोला कुठेही वेळेवर निघता येत नव्हतं, तिच्यासाठी केलेली सोय ती. आणि मालधक्क्याच्या एका जुन्या वहीत मी स्वतः वाचलं आहे, की बाहेरचं घड्याळ बसवलं त्या दिवसापासूनच पुढे पळत होतं आणि दुरुस्ती करणारा माणूस कधी आलाच नाही. या तिन्ही गोष्टी मी वेगवेगळ्या वयात खऱ्या मानल्या आहेत.

पुढे बाजारच सरकत सरकत स्टेशनपाशी आला. गोदामं झाली, वजनकाटा आला, गुरं चढवायला उतार बांधला, बुधवारच्या बाजारासाठी एक जादा डबा लागू लागला. दिवसाला आठ गाड्या थांबायच्या. आता धान्यबाजार ते फलाट हे अंतर पादचारी पूल धरूनही पाच मिनिटांचं उरलं होतं, तरी घड्याळ होतं तसंच राहिलं. आणि गावाला हे सगळं ठाऊक असल्यामुळे गाव मनातल्या मनात बारा मिनिटं वजा करायचं. रेल्वेने घालायची, लोकांनी काढायची. यात कोणाचा काय फायदा होता, हे विचारण्याचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

बरं, सगळ्यांनी वजा केली असती तरी चाललं असतं. पण कोर्ट चालायचं गाडीच्या वेळेवर, शाळा चालायची घड्याळाच्या वेळेवर आणि डॉक्टर चालायचे स्वतःच्या मनावर. शाळेत माझा उशीर लागायचा, आणि त्याच क्षणी समोरच्या पोस्टाचं दार उघडायला अजून दहा मिनिटं बाकी असायची. परगावचा माणूस तर खिडकीपाशी येऊन पार वेडा व्हायचा.

‘‘नऊ चाळीसची गाडी किती वाजता सुटते?’’

‘‘बाहेरचं घड्याळ बघून आलात का?’’ बाबा विचारत.

‘‘हो.’’

‘‘मग त्यात नऊ बावन्न झाले की सुटते.’’

‘‘म्हणजे बारा मिनिटं लेट आहे?’’

‘‘नाही हो. अगदी वेळेवर आहे.’’

‘‘मग बावन्नला कशी सुटेल?’’

‘‘चाळीसला सुटते. तेव्हा तिथे बावन्न झालेले असतात.’’

तो माणूस बाबांकडे बघायचा आणि फलाटावर जाऊन बसायचा. बाबा म्हणायचे, ‘‘बघ, गाडी चुकली का कोणाची?’’ आणि खरंच, ज्याला काही कळायचं नाही त्याची गाडी कधी चुकायची नाही.

मी बावीस वर्षांची होते तेव्हा मोठ्या शहरातल्या टेलिफोन केंद्रात माझी निवड झाली. पत्रात तारीख होती, एक बुधवार. दुपारी बाराच्या आत मूळ कागदपत्रांसह हजर व्हावे, न झाल्यास जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला देण्यात येईल. नऊ चाळीसच्या गाडीने निघालं की सव्वाअकराला शहर. त्यानंतरची गाडी थेट दोन वीसला.

बाबांनी ते पत्र उभ्याउभ्याच वाचलं, घडी घातली, मला परत दिलं आणि म्हणाले, ‘‘बरं झालं.’’ एवढंच. मग टोपी घातली आणि स्टेशनवर जाऊन दोन्ही घड्याळांना किल्ली देऊन आले. त्या दिवशी गुरुवार होता.

आता नेमकं त्याच दिवसांत स्टेशनला नवे साहेब आले. वयाने लहान, इस्त्रीचे कपडे, कामाला चोख. त्यांनी पहिल्याच आठवड्यात बाहेरचं घड्याळ पाहिलं आणि कपाळाला हात लावला. बाबांनी त्यांना पोतं, हमाल, जुने मास्तर, सगळं समजावून सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘ते सगळं ठीक आहे. पण घड्याळाने खरी वेळ दाखवायला नको का?’’ मंगळवारी दुपारी घड्याळ बरोबर लावायचं असा लेखी हुकूम निघाला. म्हणजे माझ्या बुधवारच्या आदल्या दिवशी.

बाबांनी खिडकीवर सूचना लावली, ‘आजपासून बाहेरील घड्याळ योग्य वेळ दाखवील.’ झालं. सूचनेखाली ही गर्दी. कोणी म्हणे, योग्य म्हणजे आपली नेहमीचीच की. कोणी म्हणे, आता बारा मिनिटं वजा करायची नाहीत, मिळवायची. गुरांचा एक व्यापारी विचारून गेला, ‘‘बारा, हे आजपासून बरोबर, मग उद्या काय?’’ बाबा प्रत्येकाला नीट समजावत होते, आणि समजावता समजावता त्यांच्याच आवाजातला ठामपणा कमी होत गेला असं मला वाटलं. मी तेव्हा त्यांचा डबा घेऊन गेले होते. शिडीवर चढून त्यांनी काटे मागे घेतले तेव्हा खाली पंचवीसतीस माणसं मान वर करून उभी होती.

संध्याकाळी पानावर बसल्यावर बाबा म्हणाले, ‘‘आता घड्याळ खरं आहे. कोणी काही वजा करायचं नाही.’’

आत्या म्हणाली, ‘‘म्हणजे इतकी वर्षं खोटं होतं की काय?’’

बाबांनी भाताचं भांडं पुढे ओढलं. त्या दोघांचं हे बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं, आणि ते आठवतं हीच खरी अडचण आहे.

आमच्या घरात घड्याळ नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून स्टेशनचं दिसायचं, मग घरात कशाला? बाबांना कामावर वापरायचं खिशातलं घड्याळ मिळालेलं होतं, पण ते ज्याची पाळी त्याच्याकडे. बुधवारी बाबांनी मला सोडायला म्हणून रजा घेतली होती, तेव्हा ते घड्याळ चौकशीच्या खिडकीत, बदली कारकुनाकडे. माझी ट्रंक दाराशी बांधून तयार. कागदांची फाइल माझ्या हातात. आत्या डोळे पुसत मला नाही नाही ते डबे देत होती. बाबा खुर्चीत बसले होते. मी खिडकीपाशी उभी राहून वेणी घालत होते.

‘‘निघायचं का रे?’’ आत्याने विचारलं.

बाबांनी मान वळवून खिडकीतून पाहिलं. घड्याळात नऊ वीस झाले होते. ‘‘आत्ताशी नऊ आठ,’’ ते म्हणाले. ‘‘तिथे पस्तीस झाले की निघू. चहा टाक अजून एकदा.’’

आत्याने चहा टाकला. आम्ही तो प्यायलो. बाबांनी मला शहरात पाणी कुठलं प्यावं, कुठल्या बाजूच्या फाटकाने बाहेर पडावं, ते तिसऱ्यांदा सांगितलं. पस्तीस झाले. बाबांनी ट्रंक खांद्यावर घेतली आणि आम्ही निघालो. घरापासून फलाट ट्रंकेसकट सात मिनिटं. वाटेत, गोदामांच्या मागे आलो तेव्हा शिट्टी ऐकू आली.

बाबा थांबले. ‘‘ही कुठली?’’

छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असा प्रश्न कोणाला विचारला नसेल. मग स्वतःच म्हणाले, ‘‘मालगाडी असेल,’’ आणि चालू लागले. जरा वेळाने मात्र त्यांची पावलं भराभर पडायला लागली. मी मागून फाइल छातीशी धरून पळत होते. पुलाच्या पायऱ्या चढून वर आलो आणि खाली पाहिलं, तर गाडीचा शेवटचा डबा सिग्नलपाशी पोचला होता. वर्षभर जी गाडी पंधरा मिनिटं उशिरा यायची, ती त्या दिवशी मिनिटाला मिनिट येऊन गेली.

फलाटावर अर्धा बाजार उभा होता. पोती, टोपल्या, दोन शेळ्या, आणि बारा मिनिटं वजा करून निवांत आलेली निदान चाळीस माणसं. बाबांना पाहताच सगळे त्यांच्यावर तुटून पडले. ‘‘अहो बारा, हे काय करून ठेवलंत?’’ साहेब ऑफिसच्या दारात उभे होते, त्यांचा चेहरा उतरला होता. बाबांनी ट्रंक खाली ठेवली, चौकशीच्या खिडकीशी गेले, रांगेत उभे राहिले, आणि नंबर आल्यावर आत बसलेल्या बदली कारकुनाला विचारलं, ‘‘शहराकडे पुढची गाडी किती वाजता आहे?’’

तो बिचारा त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्याने पुस्तक उघडून वेळ सांगितली.

दोन वीसच्या गाडीने गेलो. साडेचारला टेलिफोन केंद्रात पोचलो. माझी जागा एका चष्मेवाल्या मुलीला देऊन झाली होती, तिने बाहेर जाताना आम्हाला नमस्कारही केला. बाबांनी तिथल्या बाईंना घड्याळाची हकिकत सांगायला सुरुवात केली. दुसरे मास्तर, हमाल, पोतं. त्या बाईंनी दोन वाक्यांनंतर हातातलं पेन खाली ठेवलं. मी बाबांचा सदरा मागून ओढला आणि म्हटलं, ‘‘चला.’’

पुढच्या सोमवारी गावाच्या मागणीवरून घड्याळ पुन्हा बारा मिनिटं पुढे झालं. साहेबांनीच तसा कागद काढला, ‘प्रवाशांच्या सोयीसाठी’. शिडी धरायला ते स्वतः उभे होते.

मी दोन वर्षांनी त्याच स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीत लागले. बाबांच्या खिडकीला लागून. लग्न जमलं नाही, किंवा मी जमू दिलं नाही, त्याचाही मला नीट उलगडा होत नाही. वाईट दिवस होते असंही नाही. बुधवारी बाजाराच्या दिवशी हात दुखेपर्यंत तिकिटं फाडायची, मधल्या फटीतून बाबांचा आवाज ऐकायचा, ‘‘चाळीसला सुटते, तेव्हा तिथे बावन्न झालेले असतात,’’ आणि हसू दाबायचं. पण घरी भांडण झालं की माझ्याकडे एक हुकमाचा पत्ता होता. कारण काहीही असो, भाजीत मीठ जास्त असो की छत गळत असो, मी शेवटी म्हणायचे, ‘‘त्या दिवशी तुम्ही मुद्दाम केलंत. मी जायला नको होतं तुम्हाला.’’

बाबा कधी हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. उठून बाहेर जायचे. आत्या होती तोवर ती मला दटावायची. आत्या गेल्यावर ती दटावणीही संपली आणि मी मोकाट सुटले. असं एकोणीस वर्षं चाललं.

स्टेशनही या काळात आकसत गेलं. गुरांचा उतार पाडला, वजनकाटा गंजला, पार्सल ऑफिसला कुलूप लागलं, मालधक्क्यावर आता फर्निचरचं गोदाम आहे. आठाच्या चार गाड्या झाल्या. बाबा निवृत्त झाल्यावर चौकशीच्या खिडकीला फळी ठोकली. आणि गेल्या महिन्यात बाहेरचं घड्याळ उतरवून तिथे लाल आकड्यांची पाटी लावायचं ठरलं. ती पाटी कुठूनतरी वेळ आपोआप घेते. तिला किल्ली नाही.

उतरवायच्या दिवशी बाबा आले. वय बहात्तर, पण टोपी तीच. बाहेरच्या बाकावर बसले. मी खिडकी बंद करून त्यांच्याशेजारी येऊन बसले. वर दोन माणसं स्क्रू काढत होती.

बाबा वर बघत होते. मग म्हणाले, ‘‘मला तुला एक सांगायचंय. तू म्हणतेस ना, मी मुद्दाम केलं?’’

‘‘जाऊ द्या हो आता.’’

‘‘जाऊ कसं देऊ? मी रोज विचार करतो. काटे मीच मागे घेतले होते. आदल्याच दिवशी. आणि तरी त्या खुर्चीत बसून मी म्हटलं, नऊ आठ. सवयीने म्हटलं असेन. पण म्हणताना मला बरं वाटलं होतं, एवढं आठवतंय. आता मी विसरलो होतो, की मला विसरायचं होतं, हे माझं मलाच कळत नाही. एकोणीस वर्षं झाली, खरंच कळत नाही गं.’’

मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, ‘‘बाबा, मी खिडकीपाशीच होते.’’

‘‘हो, वेणी घालत होतीस.’’

‘‘मीही घड्याळ पाहिलं होतं. तुम्ही नऊ आठ म्हणालात तेव्हा मला आठवलं होतं, की आता वजा करायचं नाही. नऊ वीसच झालेत, आत्ता निघायला हवं, हे मला ठाऊक होतं. तरी मी बोलले नाही.’’

‘‘का?’’

‘‘मला भीती वाटत होती. तिकडे एकटीने राहायची. वाटलं, तुम्हीच थांबवताय तर थांबवा.’’

बाबा माझ्याकडे वळले. त्यांना वाईट वाटेल, डोळ्यांत पाणी येईल, निदान सुटल्यासारखं वाटेल, अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही. त्यांचा चेहरा लाल झाला. उभ्या जन्मात त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता, तो त्या बाकावर चढवला.

‘‘मग एकोणीस वर्षं मला कशाला बोलत होतीस?’’

वरची माणसं काम थांबवून खाली बघू लागली. मला खरोखर सांगता येईना. इतकी वर्षं भांडताना प्रत्येक वेळी माझा माझ्या शब्दांवर पुरता विश्वास असायचा, आणि खिडकीतलं ते नऊ वीसही मला तितकंच स्वच्छ आठवत असायचं. दोन्ही एकाच डोक्यात कसं राहिलं, मला माहीत नाही.

‘‘घड्याळ कुठे ठेवायचं, ताई?’’ वरून एकाने विचारलं.

मी बाबांकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघत होते.

‘‘आमच्या घरी द्या,’’ मी म्हटलं.

आता ते स्वयंपाकघरात, खिडकीशेजारी टांगलं आहे. दर सोमवारी बाबा खुर्चीवर चढून किल्ली देतात आणि मी खुर्ची धरते. किती पुढे लावायचं ते त्यांनी मला अजून विचारलेलं नाही. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत.